मेंढ्यांखालचा नमस्कार

स्कारबेक, २ मार्च १९९६

प्रिय पत्नीस,

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. 'टू टप्स' पबातली व्हिनेगरची बाटली गेली. तीच, जिचं बूच कायम चिकट असायचं आणि जिला तू 'गावाचा कमंडलू' म्हणायचीस. तिच्या जागी आता कागदी पुड्या आल्या आहेत. पुडी हाताने फाटत नाही. दाताने फाडली की व्हिनेगर बटाट्याच्या फोडींवर न पडता चष्म्याच्या आत जातं. आहुती अग्नीत न पडता यजमानाच्या डोळ्यांत पडावी, असा हा नवा विधी आहे. मी भर पबात निषेध नोंदवला. आपला सेप डॉमिनोच्या सोंगट्यांवरून नजर न काढता म्हणाला, "ट्रेव्ह, लेका, रडतोयस? बायको गेली तेव्हा तर रडला नाहीस!"

"माहेरी गेली आहे," मी म्हणालो. 'गेली' हे क्रियापद उघडं ठेवू नये, त्याला पुढेमागे काहीतरी जोडावं, हे या लोकांना कोण शिकवणार?

पुड्या ही नुसती नांदी आहे. पब एनिड चालवते, तिच्या आधी तिचा बाप चालवायचा; पण मालकी कंपनीची, हे आपण सगळेच विसरलो होतो. परवा कंपनीने शहरातून एक टायवाला तरुण पाठवला. त्याने बिअरचा ग्लास मागितला नाही, सरळ फाईल उघडली.

"मॅडम, 'टू टप्स' या नावातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही."

"दोन मेंढे," एनिड म्हणाली. "यात न कळण्यासारखं काय आहे राजा?"

नवं नाव त्याने छापूनच आणलं होतं : 'टोड अँड टर्निप'. बेडूक आणि सलगम! आता हा द्वंद्व समास आहे, हे मान्य. पण द्वंद्वातल्या दोन पदांचा काही ऋणानुबंध लागतो. आईबाप, मीठभाकर, उन्हाळापावसाळा. बेडकाचा आणि सलगमचा संबंध काय? फार तर दोघंही चिखलात बसतात. मी तसं विचारलं.

"सर, ते मजेशीर वाटतं. आम्ही त्यावर संशोधन केलंय."

"कुणावर?" सेपने विचारलं. "बेडकांवर?"

तरुण हसला नाही. पाटी रंगवायला माणूस पाठवतो म्हणाला आणि गेला.

आता तुझं कार्ड. मिळालं. चार ओळी होत्या, पैकी एकीवर टपालखात्याने शिक्का मारला होता, तरी सगळं लागलं. आईचं दिवसकार्य नीट पार पडलं, हे वाचून बरं वाटलं. 'जावई गुत्त्यात बसतो' असं त्या साऱ्या मिरजेला सांगायच्या, आणि दर वर्षी त्याच जावयाला मेतकूट पाठवायच्या. असं दुहेरी प्रेम आता कोण करणार?

पुढे तू लिहितेस : 'यायचं अजून ठरवलेलं नाही. तिकिटाची मुदत एप्रिलअखेर आहे, तोवर ठरवीन. इथे सगळे यमू म्हणतात. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारतायत म्हणून.' आणि खाली सही, 'यमुना'.

म्हणून वर मायन्यात नाव लिहिलेलं नाही. विसरलो नाही. कुठलं लिहावं हे कळलं नाही.

मी काही विचारत नाही. एप्रिलला वेळ आहे. तुझ्या कुंडीतली कोथिंबीर थंडीने गेली. तिच्याबाबतीत 'गेली' हे क्रियापद पूर्ण आहे.

तुझा,
ट्रेव्ह ऊर्फ त्रिविक्रम

•

स्कारबेक, १७ मार्च १९९६

सौ. शुचिस्मिता ऊर्फ सूझी ऊर्फ यमुना यांस,

पोलिसांच्या कागदांत आणि देवळांच्या उत्सवपत्रिकांतच इतके 'ऊर्फ' असतात. तू दोहोंपैकी कशात बसतेस, ते तुझं तू ठरव.

इकडे मोठी घडामोड झाली. पाटी रंगवायला कंपनीने मॉयरा नावाची एक बाई पाठवली. ओठात सिगरेट, डोक्याला फडकं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिने पाटी उतरवली, पबातल्या लांब टेबलावर आडवी ठेवली आणि जुना रंग खरवडायला घेतला. बेडूक बसवायचा तर आधी मेंढे हटवायला हवेत. एनिड आतल्या खोलीत जाऊन बसली होती. म्हणाली, "माझ्याच्यानं बघवत नाही. मला लहानपणी त्या मेंढ्यांची भीती वाटायची. आता कुणी त्यांचं कातडं सोलतंय."

मेंढ्यांच्या शिंगांखालून हॅटा निघाल्या.

मॉयरा थांबली. तिने सिगरेट विझवली, आणि हे मी तिला पुन्हा करताना पाहिलेलं नाही. मग कापूस, कसलंसं औषध, आणि नखाएवढा एकेक तुकडा साफ करत काम सुरू. संध्याकाळपर्यंत दोन सद्गृहस्थ बाहेर आले : पायघोळ कोट, हातात काठ्या, दोघेही कमरेत वाकून एकमेकांना अभिवादन करतायत. आणि ते असे वाकलेत की कपाळाला कपाळ लागायला बोटभर अंतर.

"हे तर टक्कर देतायत," सेप म्हणाला.

तिथेच सगळा उलगडा झाला. पाद्रीसाहेबांनी चर्चच्या जुन्या टिपणांवरून पुढचं जोडलं. पबाचं मूळ नाव 'सॅल्युटेशन'. म्हणजे अभिवादन, म्हणजे देवदूत येऊन मेरीला नमस्कार करतो आणि तिच्या पोटी देव येणार हे सांगतो, तो नमस्कार. पुढे सतराव्या शतकात राजाला हटवून कडक धर्मवाल्यांचं राज्य आलं. त्यांना दारूच्या दारावर देवदूत चालेना. दारू मात्र चालली असावी, कारण पब बंद केला नाही. देवदूताचे पंख खरवडून त्याला कोट घातला, मेरीला हॅट घातली आणि नाव ठेवलं 'शिपाई आणि नागरिक'. राजा परत आला, नाव परत आलं, पण हॅटा राहिल्या. नवी फळी विकत घेणं हा या गावात आजही उधळेपणा समजला जातो. मग दोनशे पावसाळे. रंग उडाले, काठ्या पुसल्या, आणि उरली ती कपाळाला कपाळ लावणारी दोन करडी धुडं. आता शहरात कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दोन ढग आहेत. पण इथे माणसांपेक्षा मेंढरं जास्त. ज्याने त्याने वर बघितलं आणि म्हणाला, टप. पुढच्या रंगाऱ्याने गिऱ्हाइकांचं ऐकून शिंगं रंगवली.

म्हणजे बघ, नमस्काराचे झाले मेंढे. द्वंद्व म्हणजे जोडी आणि द्वंद्व म्हणजे झुंज, हे आमच्या गुरुजींनी घोकून घेतलं होतं. एका फळीवर ते दोन्ही अर्थ रंगवलेले सापडतील, असं त्यांना वाटलं नसेल.

अगदी खाली, मेरीच्या बाजूला, मॉयराला निळ्या रंगाचा एक चतकोर लागला आहे. पाद्री म्हणतात मेरीची ओढणी. सेप म्हणतो आभाळ. मॉयरा म्हणते, "निळा रंग आहे." तिने पाटीला पुढे हात लावायला नकार दिलाय. जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला तिने स्वतःच फोन केला. कंपनीचा तरुण आता फोनवर फार मऊ बोलतो.

सगळे तुझी आठवण काढत होते. आतल्या खिळ्यावर ती लाल लोकरीचा धागा गुंडाळलेली कढई अजून लटकते आहे. आपण पहिल्यांदा इथे आलो तेव्हा तू हळूच विचारलं होतंस, बटाटे कशात तळता? एनिड म्हणाली होती, बैलाच्या चरबीत, नाहीतर कशात? तू पाणी पिऊन उठलीस. पुढच्या वेळी गेलो तर ही कढई, आणि तेल. तू नसताना त्या कढईत काही तळायचं नाही असा तिचा दंडक आहे. मी परवा मागून पाहिलं. "ती सूझीची आहे," म्हणाली, आणि मला उकडलेलं अंडं दिलं.

हे लोक बोलत नाहीत फार. विद्यापीठाने संस्कृतचा विभाग बंद केला आणि मी रिकामा झालो, त्या हिवाळ्यात एनिडने कधी विचारलं नाही की झालं काय. मंगळवारच्या डॉमिनोत एक भिडू कमी पडतोय, येशील का, एवढंच म्हणाली. भिडू कमी नव्हता. पुष्कळ पुढे कळलं की सेपचा चुलतभाऊ माझ्यासाठी उठला होता आणि तो हिवाळाभर शेजारच्या बाकावर बसून नुसता बघत होता. असे उपकार फेडायची कुठे सोय नसते. मी त्याला अधूनमधून जिंकू देतो.

तुझ्याकडून मात्र पत्र नाही. टपालखात्याने या वेळी सगळ्याच ओळींवर शिक्का मारला असावा.

त्रिविक्रम

•

स्कारबेक, ३१ मार्च १९९६

प्रिय,

बेडूक परत गेला. सरकारी खात्याचं पत्र आलं : पाटी जुनी आहे, तिला हात लावायचा नाही. कंपनीने सलगमसह माघार घेतली. एनिडने सगळ्यांना एकेक ग्लास फुकट पाजला. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी मानणार नाही.

आता गावातच दोन तट पडलेत. चर्चच्या बाजूचे म्हणतात, मूळ नाव सापडलंय तर 'सॅल्युटेशन' करा. डोंगराच्या बाजूचे म्हणतात, आमच्या आज्यापणज्यांनी 'टू टप्स'मध्येच दारू प्यायली, ती काय खोटी होती? शुक्रवारी सगळे पबात जमले. आवाज चढले. शेवटी एनिड माझ्याकडे वळली. "ट्रेव्ह, तू शब्दांचा माणूस. सांग, खरं नाव कुठलं?"

मी उत्तर टाळण्यासाठी गोष्ट सांगायला घेतली. आणि गोष्ट कुठली सुचावी!

"आमच्याकडे," मी म्हणालो, "लग्नात बायकोचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. मीही लिहिलं होतं."

"काय, सूझी?" सेपने विचारलं.

"शुचिस्मिता."

सेपने हातातली सोंगटी खाली ठेवली. "एवढे तांदूळ होते?"

"नव्हते. शेवटचं अक्षर ताटाच्या काठावर गेलं."

सगळे हसले. मीही. एनिडने अर्थ विचारला. मी सांगितलं, जिचं हसू निर्मळ आहे ती.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "आणि त्याआधी काय नाव होतं?"

"यमुना. घरी यमू."

"मग तिला विचारलं होतं का, बदलू का म्हणून?"

"तसा प्रघात नाही."

एनिड ग्लास पुसत होती. तो कोरडा झाला होता तरी पुसत राहिली. "आम्ही तरी कुठे विचारलं? पहिल्या दिवशी तू ते लांबलचक नाव सांगितलंस. मी म्हटलं, बाई गं, माझी जीभ नाही वळायची, सूझी म्हटलं तर चालेल ना? ती हसली. मला वाटलं, हो म्हणाली."

ताटात नाव उमटलं तेव्हाही तू हसली होतीस, आणि मलाही तेच वाटलं होतं. उलट मी भोवतालच्यांना म्हणालो होतो, बघा, नाव किती चपखल बसलं!

तेवढ्यात सेप पुटपुटला, "यम. यम?" मग टेबलावर थाप मारून : "अरे, यम म्हणजे घर!"

"कुणाच्या भाषेत?"

"आमच्या! माझी आजी वरच्या खोऱ्यातली. संध्याकाळ झाली की दारात उभी राहून ओरडायची, 'गॅन यम!' घरी चला रे. यम म्हणजे घर, लेका. आता कुणी बोलत नाही तसं, म्हातारी माणसं सोडून." माझ्याकडे त्याने असं पाहिलं की जणू मी त्याचं कुंपण तोडलंय. "आणि तू बायकोचं असलं सरळ नाव काढून टाकलंस? आणि दातात अडकेल असलं ठेवलंस? वीस वर्षं या खोऱ्यात एक बाई 'घर' नावाची राहते आणि तू आम्हाला सांगत नाहीस!"

आमच्याकडे यम कोण आणि यमाघरी जाणं म्हणजे काय, हे मी सांगणार होतो. यमुना ही त्याचीच बहीण, हेही. पण सगळे एकेक करून ते नाव म्हणून बघत होते, 'याम-यूना', 'यमना', 'यॅमी', आणि कुणाचीच जीभ अडखळत नव्हती. तुझं नाव या लोकांना मुळात जड गेलंच नसतं. जड होतं ते माझं.

पबाच्या नावाचा निकाल अर्थातच लागला नाही. सभा 'यम'वर संपली.

तुला आवडेल न आवडेल म्हणून सांगू की नको असं झालं होतं. पण तिकडे तू यमू, आणि इकडे आता डोंगरापासून चर्चपर्यंत सगळे मला विचारतात, "यम कधी येतेय?" मी म्हणतो, पत्राची वाट बघतोय.

तुझा,
त्रि.

•

स्कारबेक, १४ एप्रिल १९९६

प्रिय यमुना,

पाटी परवा पुन्हा टांगली. तोडगा एनिडचाच. पाटीला दोन बाजू असतात, हे दोन्ही तट भांडणाच्या भरात विसरले होते. मॉयराने एकाच बाजूचे मेंढे काढले होते, दुसऱ्या बाजूचे शाबूत आहेत. सरकारी खात्याने दोन्ही बाजू आहेत तशा ठेवायला सांगितलं. तेव्हा डोंगराकडून उतरणाऱ्याला मेंढे दिसतात आणि चर्चकडून येणाऱ्याला नमस्कार. "ज्याला जे दिसेल ते त्यानं म्हणावं," एनिड म्हणाली. "दार एकच आहे, आणि पैसे मी घेते." पाद्रीसाहेबांना ते पटलं. सेपला ऐकायला वेळ नाही. मेंढ्या व्यायला लागल्या आहेत, तो कुरणात राहतो आणि येतो तेव्हा त्याला कुरणाचाच वास येतो.

वारा सुटला की पाटी फिरते. दोहोंतला एक अर्थ एका वेळी. मी समोरच्या बाकावर बसून बघत असतो. बरं वाटतं. या गावाने मला खूप दिलं, आणि देताना कधी पावती मागितली नाही. मंगळवारी जागा, शुक्रवारी अंडं, आणि 'ट्रेव्ह' हे नाव. हो, तेसुद्धा. तीन पावलांत तिन्ही लोक व्यापणाऱ्याचं नाव घेऊन मी आयुष्यभर दारादारांत वाकलो. ट्रेव्ह होऊन बसलो आणि पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला. म्हणून मला वाटायचं, तुझंही तसंच असेल. नाव हलकं झालं की माणूस हलका होतो, असा माझा एक सिद्धांत होता. तुला विचारून तपासला नव्हता.

काल दोन पत्रं आली. एक तुझं. तुझ्या अक्षरात पूर्ण दोन पानं, इतकं किती वर्षांनी! सकाळी शेजारच्या मुलींना गाणं शिकवतेस. आवाज लागला हे तुझं तुलाच खरं वाटत नाही. मला माहीतच नव्हतं, तो कधी लागेनासा झाला होता. इथल्या थंडीत, की आधीच? 'यम म्हणजे घर' यावर तू मुलींसमोर एवढी हसलीस की तबला थांबवावा लागला, हे वाचून मी पत्र खिशात घालून थेट पबात गेलो आणि एनिडला ती ओळ भाषांतर करून वाचून दाखवली. ती आत गेली, नाक शिंकरून आली.

येण्याबद्दल तू त्या दोन पानांत काही लिहिलेलं नाहीस.

दुसरं पत्र तुझ्या भावाचं. घरपट्टीबद्दल आहे. शेवटी फक्त एवढं : 'ताई फार खुलली आहे. लग्नाआधी होती तशी दिसते. तुम्हाला वाचून आनंद होईल म्हणून लिहितो.'

मी ते पुष्कळदा वाचलं. व्याकरणात चूक नाही. भाव खरा आहे. तुझ्या भावाला वाईट बोलताच येत नाही.

तू मला इथे काय काय दिलंस याची मोजदाद कधी केली नाही; त्या लोकांसारखंच, तूही पावती मागितली नाहीस. हे गावही मला तुझ्यामुळेच मिळालं. कढई माझ्यासाठी टांगली नव्हती. एनिडला आधी तू आवडलीस, मी तुझ्याबरोबर होतो म्हणून खपलो. हे मला या हिवाळ्यात एकटं बसल्यावर समजलं, आणि समजल्यावर वाईट नाही वाटलं, उलट फार बरं वाटलं. म्हणून हे पत्र खरं तर आभाराचं आहे. तू आलीस तरी, आणि नाही आलीस तरी, हे आभार तसेच राहतील. तुला नावं ठेवायला माझ्याकडे आता एकही शब्द नाही, ना चांगला, ना वाईट.

इथपर्यंत लिहून पत्र संपवणार होतो. संपवलं असतं तर ते सभ्य पत्र झालं असतं.

पण खरी गोष्ट अशी आहे. व्हिनेगर, मेंढे, समास, हे सगळं मी लिहितो ते तू हसावीस म्हणून, आणि हसता हसता तिकिटाची तारीख तुझ्या लक्षात राहावी म्हणून. तू तिथे आनंदात आहेस. ते वाचून मला आनंद व्हायला हवा, आणि होत नाही. भीती वाटते. तू येणार नाहीस अशी मला रोज भीती वाटते, यमुना.

त्रिविक्रम